विक्षेप आणि परिप्रश्न : शनिवार पेठेच्या परिसरातील अध्यापन-परंपरा व वर्गातील व्यत्ययाचा प्रश्न

प्रस्तावना

अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत वर्गातील व्यत्यय हा विषय बहुधा 'वर्गनियंत्रण' या प्रकरणात येतो. नियंत्रण म्हटले की शिस्त, शिस्त म्हटली की शिक्षा, अशी ही साखळी आपण गृहीत धरलेली असते. तास चालू असताना मध्येच बोलणारा विद्यार्थी हा शिस्तीचा प्रश्न आहे, ही समजूत नेमकी केव्हा रूढ झाली, तिच्या आधी काय होते आणि तिने कोणत्या गोष्टी दृष्टीआड केल्या, याचा ऐतिहासिक विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार शनिवार पेठ आणि तिच्या लगतचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. पेशवाईचे केंद्र असलेला शनिवारवाडा, संस्कृत पाठशाळा भरत असे तो विश्रामबागवाडा, बुधवार पेठेतील भिडेवाडा आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले वर्ग भरले तो शनिवार पेठेतील गद्रे वाडा, ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावरील आहेत. एवढ्या लहान क्षेत्रात अध्यापनाच्या इतक्या भिन्न पद्धती एकापाठोपाठ, काही वेळा शेजारी शेजारी, नांदल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गाला प्रस्तुत लेखिका पेशवेकालीन दक्षिणेविषयी शिकवीत होती. शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने आधी, "मॅडम, हजेरी कधी?" असे विचारले. थोड्या वेळाने, "मॅडम, तुम्हालापण गुरुदक्षिणा पाहिजे का?" असे म्हणून त्याने वर्गाला हसविले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "दक्षिणा कुणाला मिळायची ते कळलं. कुणाला मिळत नव्हती?" वर्ग पुन्हा हसला आणि त्या हसण्याच्या भरात मी त्याला बाहेर जाण्यास सांगितले. तो गेला. पुढे वर्षभर तो नियमित येत राहिला, परंतु एक शब्दही बोलला नाही. त्याचा तिसरा प्रश्न हा त्या दिवशीच्या संपूर्ण तासातील एकमेव इतिहासाचा प्रश्न होता, हे संध्याकाळी टाचणवही मिटताना लक्षात आले. एकाच विद्यार्थ्याने, एकाच तासात, एकाच स्वरात केलेली ती तीन वक्तव्ये तीन वेगळ्या जातींची होती आणि मला ती वेगळी ओळखता आली नाहीत. ती ओळखण्याची काही साधने आपल्या परंपरेत आहेत काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न होय.

पाठशाळा व वादपद्धती

पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. तिच्या वाटपासाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. १८१८ मध्ये सत्तांतर झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ही प्रथा एकदम मोडली नाही. वार्षिक ५०,००० रुपयांच्या मर्यादेत ती चालू राहिली आणि तिच्यातीलच काही रकमेच्या आधारे १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इंग्रजी कागदपत्रांत तिचा उल्लेख हिंदू कॉलेज असा येतो. तेथे न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र इत्यादी शास्त्रे पारंपरिक पद्धतीने शिकविली जात.

या पद्धतीत न्यायशास्त्राला जे स्थान होते, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प, वितंडा, छल, जाति आणि निग्रहस्थान यांचा समावेश होतो. म्हणजे बोलण्यात अडथळा आणणाऱ्या बोलण्याचा विचार हा या शास्त्राचाच एक भाग आहे. सत्य जाणण्यासाठी, प्रमाणांच्या आधारे, गुरू वा सहाध्यायी यांच्याशी होतो तो वाद. जिंकण्यासाठी वाटेल ते साधन वापरून केला जातो तो जल्प. स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे म्हणणे पाडण्यासाठी केली जाते ती वितंडा. मराठीत आपण 'वितंडवाद' हा शब्द सर्रास वापरतो; परंतु मुळात वितंडा आणि वाद ही दोन टोके आहेत, हे विसरून.

छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाक्छलाचे भाष्यकारांनी दिलेले उदाहरण सर्वपरिचित आहे. एखाद्याजवळ नवे कांबळे आहे या अर्थाने 'नवकंबल' म्हटले असता ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेतो आणि याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारतो. शब्दाचा दुसराच अर्थ धरून वक्त्याला कोंडीत पकडण्याची ही युक्ती कोणत्याही महाविद्यालयीन शिक्षकाला अपरिचित नाही. 'दक्षिणा' या शब्दावर माझ्या विद्यार्थ्याने केलेली कोटी नेमकी याच जातीची होती.

निग्रहस्थाने, म्हणजे ज्या चुकीमुळे वादात पराभव मानला जातो अशी स्थाने, बावीस आहेत. त्यांतील काहींचा विचार आजच्या वर्गाच्या संदर्भात करण्यासारखा आहे. विषयाशी संबंध नसलेले बोलणे हे 'अर्थांतर'. बोलण्याचा क्रम सोडून भलत्या ठिकाणी बोलणे हे 'अप्राप्तकाल'. ही दोन सामान्यतः विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. परंतु पुढील चार पाहिली असता ती प्रामुख्याने शिक्षकाला लागू पडतात, असे दिसते. समोरच्याचे म्हणणे तीन वेळा सांगूनही त्याचा पुनरुच्चार करता न येणे म्हणजे 'अननुभाषण'. दुसऱ्या कामाची सबब सांगून चर्चा तोडणे म्हणजे 'विक्षेप'. ज्याला अडवायला हवे त्याला न अडविणे म्हणजे 'पर्यनुयोज्योपेक्षण'. ज्याला अडविण्याचे कारण नाही त्याला अडविणे म्हणजे 'निरनुयोज्यानुयोग'. 'अभ्यासक्रम पुष्कळ राहिला आहे' असे म्हणून प्रश्न बाजूला सारणारा शिक्षक विक्षेपाचा दोषी ठरतो. आपण ज्याला व्यत्यय म्हणतो तो विद्यार्थ्याकडूनच येतो असे नाही, ही जाणीव या यादीत स्पष्ट आहे.

प्रश्न अडविण्याचे आणि पुन्हा वाट करून देण्याचे उदाहरण आणखी जुन्या वाङ्मयात आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारीत जाते, तेव्हा तो तिला अतिप्रश्न करू नकोस असे बजावतो आणि ती थांबते. ही हकिकत सर्वांना आठवते. परंतु त्याच अध्यायात पुढे गार्गी पुन्हा उभी राहते, सभेला उद्देशून आपण दोनच प्रश्न विचारणार असल्याचे सांगते, संमती घेते आणि मग विचारते, हा उत्तरभाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. पहिल्या वेळी अमर्याद वाटलेला प्रश्न दुसऱ्या वेळी संख्या ठरवून, सभेच्या संमतीने आला आणि त्याला सविस्तर उत्तर मिळाले. प्रश्नकर्ती तीच होती. प्रश्नाला जागा मिळाली होती.

या परंपरेचे गुणगान करून थांबणे मात्र इतिहासाशी प्रतारणा होईल. वादाचे हे सूक्ष्म नियम ज्यांना पाठशाळेत प्रवेश होता त्यांच्यापुरतेच होते. विश्रामबागवाड्यातील पाठशाळा ब्राह्मणांसाठी होती. ज्याला आत बसताच येत नाही, त्याला मध्ये बोलण्याची वेळही येत नाही. निग्रहस्थानांच्या यादीत बावीस दोष आहेत; श्रोत्यांनाच वगळण्याचा दोष तीत नाही.

पंतोजींची शाळा आणि तासांची शाळा

पाठशाळेबाहेर सामान्य मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. तेथे धुळाक्षरे, मोडी, पाढे, हिशेब शिकवीत. छडी, ओणवे उभे करणे, कान पिळणे इत्यादी शिक्षांची वर्णने एकोणिसाव्या शतकातील आठवणींत विपुल आहेत. परंतु या शाळेचे एक वैशिष्ट्य सहसा नोंदविले जात नाही. तेथे गलका हा दोष नव्हता. प्रत्येक मूल आपापला पाढा, आपापली परवचा मोठ्याने म्हणत असे. मोठी मुले लहानांना सांगत असत. शाळा चालू आहे याची खूण म्हणजे तिचा आवाज. मूल गप्प बसले तर पंतोजींना संशय येई. मोठ्या मुलाने लहानास शिकविण्याची हीच रीत मद्रास येथे पाहून अँड्र्यू बेल याने १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये तिच्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले व पुढे ती जगभर बेल-लँकेस्टर पद्धती म्हणून ओळखली गेली.

एकाने बोलावे, साठांनी ऐकावे, घंटा झाली की विषय बदलावा, ही रचना इंग्रजी शाळेबरोबर आली. पुण्यातील पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेत विलीन होऊन पूना कॉलेज झाले आणि पुढे त्याचेच डेक्कन कॉलेज झाले. या प्रवासात विषय बदलले तसा वर्गाचा आकारही बदलला. पाठशाळेत गुरूसमोर थोडे विद्यार्थी असत व प्रत्येकाची प्रगती वेगळी असे. पंतोजींकडे सर्वजण एकाच वेळी बोलत. व्याख्यान हा प्रकार आल्यावरच शांतता ही शिक्षणाची पूर्वअट झाली आणि मध्येच बोलणे हा अपराध झाला. आज आपण ज्याला वर्गातील व्यत्यय म्हणतो तो या अर्थाने आधुनिक आहे. मुले पूर्वी शहाणी होती आणि आता बिघडली, असे म्हणण्यास आधार नाही. बदलली ती वर्गाची रचना.

वर्गाबाहेरून आलेला व्यत्यय

१८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. तेथे शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंवर वाटेत शेण, चिखल व दगड फेकले जात आणि म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, ही हकिकत सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रसंगाचे वेगळेपण नोंदविले पाहिजे. हा व्यत्यय विद्यार्थिनींकडून नव्हता. जे वर्गात नव्हते, त्यांना वर्गच नको होता. त्यांच्याजवळ प्रश्न नव्हता, प्रतिपक्ष नव्हता. शाळा भरू नये एवढाच हेतू होता. शास्त्रीय परिभाषेत ही वितंडेच्याही पलीकडची अवस्था होय, कारण वितंडा करणाऱ्याला निदान समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते. अशा व्यत्ययाला युक्तिवादाने उत्तर देणे शक्य नसते. लुगडे बदलून तास घेणे हेच सावित्रीबाईंचे उत्तर होते.

याच काळात फुले यांनी व्यत्ययाचे अगदी उलट रूप वाङ्मयात आणले. १८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात एक विदूषक आहे. शेतकरी जोडप्याला फसविणारा जोशी बोलत असताना हा विदूषक मध्ये मध्ये बोलतो, टोमणे मारतो, प्रेक्षकांना उद्देशून शेरे देतो. संकेताप्रमाणे विदूषकाचे काम हसविणे. परंतु येथे जे जोडप्याला बोलता येत नाही, जे विचारण्याचे साहस व साधन त्यांच्याजवळ नाही, ते तो विचारतो. शिक्षण म्हणजे तिसरा डोळा हा या नाटकाचा विषय. आणि तो डोळा उघडण्याचे काम मध्येच बोलणाऱ्या पात्राकडे दिलेले आहे. फुले यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. छापील स्वरूपात ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच वाचकांसमोर आले. दक्षिणेच्या निधीतून निघालेल्या समितीने विदूषकाला बाहेर पाठविले, असे म्हणता येईल. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न, दक्षिणा कोणाला मिळत नव्हती, याचे एक उत्तर या घटनेतच आहे.

पुढे १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'ची रचना फुले यांनी जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाची केली. तेथे धोंडीबा सतत विचारतो आणि त्याच्या विचारण्यातूनच विवेचन पुढे सरकते. 'तृतीय रत्ना'त बाजूला उभा असलेला प्रश्नकर्ता येथे ग्रंथाच्या मध्यभागी आला आहे.

गद्रे वाड्यातील वर्ग

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले. उद्घाटनास एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌सवर्थ उपस्थित होते. ते त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीचे नातू. महाविद्यालय पुढे शहराबाहेर स्वतःच्या वास्तूत गेले. न्यू इंग्लिश स्कूलची रमणबाग शाळा शनिवार पेठेतच राहिली.

या संस्थेच्या संस्थापकांत विद्यार्थी म्हणून शिक्षकाशी वाद घालणारे आणि शिक्षक म्हणून वर्गापुढे उभे राहणारे एकच होते. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलण्यास नकार दिला, किंवा 'संत' हा शब्द तीन प्रकारे लिहून तिन्ही बरोबर असल्याचा आग्रह धरला, या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या शाळेत सांगितल्या जातात. त्या समकालीन कागदपत्रांवर आधारलेल्या नसून आठवणी व आख्यायिका या स्वरूपाच्या आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि आख्यायिका घडली की नाही याइतकाच ती का टिकली हाही इतिहासाचा प्रश्न असतो. शिक्षकाला अडविणारा मुलगा पुढे मोठा झाला की समाज त्याच्या अडविण्याचे कौतुक करतो. तीच गोष्ट सांगणारा शिक्षक, गोष्ट सांगत असताना कोणी मध्ये बोलले, तर त्याला गप्प बसवितो. हा विरोधाभास आपल्या सर्वांच्या वर्गात रोज घडतो.

टिळक व आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात विद्यार्थिदशेत वादविवादांतूनच वाढली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आणि संस्थेतील आजीव सभासदांच्या नियमांवरून मतभेद विकोपास गेले. आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. टिळक १८९० च्या अखेरीस संस्थेतून बाहेर पडले. या दोघांतील वादाने जल्पाची पातळी अनेकदा गाठली, हे त्या काळातील वृत्तपत्रे चाळणाऱ्यास दिसते. परंतु आगरकरांच्या भूमिकेचा पाया वेगळा होता. ते मिल व स्पेन्सर यांचे अभ्यासक होते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात, चुकीचे मतदेखील दाबू नये, कारण त्याच्याशी झुंजल्यावाचून खरे मत निर्जीव होते, असा विचार मांडला होता. आगरकरांनी हा विचार वृत्तपत्रात मांडला आणि त्याची किंमतही दिली. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९२ पासून १८९५ मधील मृत्यूपर्यंत ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. ज्याच्या मतांची रस्त्यावर टवाळी होत होती, तो मनुष्य त्याच शहरातील मुलांना रोज शिकवीत होता.

सभा उधळण्याची रीत व १९०५

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने पुण्याला भाषण ऐकण्याची सवय लावली. तिच्याबरोबर सभा उधळण्याचीही रीत वाढली. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाच्या वादात सुधारकांनी भरविलेली सभा गोंधळात मोडली. डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले असता तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास विरोध झाला, तेव्हा रानडे यांनी मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद स्वतंत्र जागी भरविली. परिषद झाली हे महत्त्वाचे. भिडेवाड्याच्या वाटेवरील उत्तराशी या उत्तराचे नाते आहे.

सभेतील ही सवय महाविद्यालयाच्या दारात आली ती स्वदेशीच्या काळात. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाल्यानंतर फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. त्या काळात 'केसरी'त टिळकांनी लिहिलेल्या अग्रलेखाचे 'हे आमचे गुरूच नव्हेत' हे शीर्षक आजही उद्धृत होते. होळी वर्गात झाली नव्हती, कोणताही तास तीमुळे मोडला नव्हता. तरी विद्यार्थ्याचे मत हाच शिस्तभंग मानला गेला. दुसऱ्या बाजूने, राजकीय मतभेदामुळे गुरूचे गुरुत्वच नाकारणे हीही एक प्रकारची वितंडाच म्हणावी लागेल. परांजपे यांच्या विद्वत्तेविषयी व त्यागाविषयी टिळकांना शंका असण्याचे कारण नव्हते.

अशा प्रसंगी शिक्षकाचा तोल गेला तर काय होते, याचे उदाहरण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दिसते. जानेवारी १९१६ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक ई. एफ. ओटन यांचा तास चालू असताना बाहेरच्या ओसरीत विद्यार्थ्यांचा गलबला झाला. ओटन यांनी बाहेर येऊन काही विद्यार्थ्यांना ढकलले. प्रकरण वाढत गेले, पुढील महिन्यात विद्यार्थ्यांनी त्यांना मारहाण केली आणि सुभाषचंद्र बोस यांना महाविद्यालयातून काढण्यात आले. बोस यांच्या निधनानंतर याच ओटन यांनी त्यांच्यावर कविता लिहिली. सुरुवात होती ती ओसरीतील आवाजाची.

आजच्या वर्गासाठी काही निरीक्षणे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक व मानसिक शिक्षेस बंदी घातली. महाविद्यालयात छडी कधीच नव्हती. तेथे तिची जागा 'बाहेर जा' या दोन शब्दांनी घेतली आहे. वरील इतिहासाच्या आधारे या दोन शब्दांना पर्याय सुचविता येतात.

पहिला, अननुभाषण टाळणे. मध्येच कोणी बोलले तर उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे शिक्षकाने आपल्या शब्दांत वर्गाला पुन्हा सांगावे. खोडसाळ शेरा पुन्हा उच्चारला की त्यातील गंमत बहुधा निघून जाते. खरा प्रश्न पुन्हा उच्चारला की तो अधिक स्पष्ट होतो. 'दक्षिणा कोणाला मिळत नव्हती, असे तू विचारतो आहेस' एवढे वाक्य मी त्या दिवशी उच्चारले असते, तरी वर्ग हसला नसता.

दुसरा, अप्राप्तकालाला प्राप्तकाल देणे. तासाची शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवणे आणि वर्गात एक प्रश्नवही फिरती ठेवणे, हे उपाय लेखिकेने त्या प्रसंगानंतर करून पाहिले. साठ-सत्तरांच्या वर्गात जे उभे राहून विचारत नाहीत, ते वहीत लिहितात. ज्याला फक्त हसवायचे असते त्याला वहीचा उपयोग नसतो. वही भेद करण्याचे काम आपोआप करते.

तिसरा, छलाला वर्गासमोर उत्तर न देणे. शाब्दिक कोटीला शिक्षकाने प्रतिकोटी केली की जल्प सुरू होतो आणि त्यात शिक्षक जिंकला तरी तास हरतो. अशा विद्यार्थ्याशी तासानंतर, एकट्याने बोलणे अधिक हिताचे.

चौथा, पर्यनुयोज्योपेक्षणाचा दोष न पत्करणे. सर्वच व्यत्यय हे दडपलेले प्रश्न असतात असे मानणे भोळेपणाचे होईल. इतरांना, विशेषतः मुलींना किंवा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना, बोलूच न देण्यासाठी केलेला गोंधळ ही भिडेवाड्याच्या वाटेवरील दगडफेकीची वंशज आहे. तेथे संवादाची वाट पाहत बसणे म्हणजे ज्यांचा तास बुडतो त्यांच्यावर अन्याय करणे होय. महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीचा उपयोग अशा वेळी निःसंकोचपणे करावा आणि तास मात्र चालू ठेवावा.

निष्कर्ष

शनिवार पेठेच्या परिसरातील सुमारे दोनशे वर्षांच्या अध्यापन-व्यवहाराचा हा धावता आढावा घेता असे दिसते की, वर्गातील व्यत्यय हा एकजिनसी प्रकार नाही. पाठशाळेच्या परंपरेने त्याचे सूक्ष्म वर्गीकरण केले, परंतु दार बंद ठेवले. इंग्रजी शिक्षणाने दार काहीसे उघडले, परंतु वर्गीकरण टाकून देऊन सर्व व्यत्ययांना 'बेशिस्त' हे एकच नाव दिले. फुले यांच्या विदूषकाने यांतील त्रुटी दाखविली होती. दार उघडे ठेवून वर्गीकरणाची दृष्टी परत मिळविणे हे आजच्या शिक्षकाचे काम आहे. शिक्षा कोणती द्यावी हा नंतरचा प्रश्न. समोरचा काय करतो आहे, विचारतो आहे, खेळतो आहे की मोडू पाहतो आहे, हे ओळखणे आधी. आणि ओळखण्यात चूक झाली तर तो दोष शिक्षकाचा, असे न्यायशास्त्र स्पष्ट सांगते.

त्या विद्यार्थ्याने परीक्षेत दक्षिणेवरील प्रश्न सोडविला होता. उत्तरात त्याने मी शिकविलेले सर्व मुद्दे लिहिले होते. त्याचा स्वतःचा मुद्दा त्यात नव्हता. पूर्ण गुण देताना निरनुयोज्यानुयोग म्हणजे काय, ते मला समजले. त्यानंतर दरवर्षी दक्षिणेचा पाठ मी त्याच्या प्रश्नाने सुरू करते.